डाव्या अंगाची

माझ्या डाव्या मनगटावर एक हाड वर आलेलं आहे. पावसाळी हवेत ते ठणकतं, आणि भरलेली कळशी त्या हाताने उचलायला गेले की बोटं आपोआप सुटतात. वर्गातल्या मुली कधीमधी विचारतात, "मॅडम, हाताला काय झालं?" मी सांगते, लहानपणी पडले होते. इतकी वर्षं इंग्रजी शिकवते आहे, पण या एका प्रश्नाचं खरं उत्तर मला कुठल्याच भाषेत देता आलेलं नाही. आता लिहून बघते.

टेंभुर्णीपासून दोन कोसांवर आमचं गाव. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो आणि आईला माय. शेती बरी होती, पण आबांचं नाव आसपासच्या गावांत झालं होतं ते बैलांमुळे. कुणी बाजारातून नवा बैल आणला की आधी आमच्या दारात आणून उभा करायचा. आबा त्याच्या मानेवरून हात फिरवायचे, खांद्यावरचा घट्टा चाचपायचे, चार पावलं चालवून बघायचे आणि सांगायचे, "ह्यो डाव्या अंगाचा हाये. उजवीकडं बिलकुल जुपू नको." जुवाखाली बैल एकदा डावीकडे चालायला लागला की तो जन्मभर डावीकडेच चालतो. बाजू बदलली तर बिचकतो, वाकडा ओढतो, खांदा सुजवून घेतो. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आबा मात्र ते देवाने घालून दिल्यासारखं पाळायचे.

आमच्याकडे एक सालगडी होता. मी त्याला मामा म्हणायची. एकदा सकाळच्या घाईत त्याने वखराला बैल उलटे जुपले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. मी भाकरी घेऊन शेतात पोचले तेव्हा आबा त्याला चाबकाने मारत होते. मी आठ वर्षांची असेन. मामा ढेकळांत गुडघ्यांवर बसला होता आणि सदरा पाठीला चिकटून लाल झाला होता. आबा प्रत्येक फटक्यागणिक बोलत होते, "मुकं जनावर हाये म्हणून मस्ती करून राह्यला व्हय? त्याची चाल बदलतो? त्याची?" शेवटी हात दुखला तेव्हा थांबले. मग बैलाच्या सुजलेल्या खांद्याला गाल लावून ते रडायला लागले. बापाला रडताना मी पहिल्यांदा बघितलं ते बैलासाठी. मामाच्या पाठीला लावायला हळद मायने संध्याकाळी पदराआडून पाठवली.

अशा माणसाच्या पोटी मी डावखुरी जन्मले.

डावा हात म्हणजे परसाकडचा हात. त्याने खायचं नाही, कुणाला काही द्यायचं नाही, देवाला लावायचा नाही. हे मला सगळं पाठ होतं, पण भूक लागली की कुठला हात आधी जातो ते ठरवायला सवड कुणाला असते? ताटात डावा हात गेला की पाठीत धपाटा बसायचा. धपाट्याने भागेना तेव्हा मायने माझा डावा हात जेवताना कमरेला बांधायला सुरुवात केली, जुन्या कासऱ्याच्या तुकड्याने. मी दोर दातांनी सोडवला तेव्हा तिने चुलीतलं उलथनं काढून हाताच्या पाठीवर टेकवलं. टेकवलं हा शब्द मी तिच्या बाजूने वापरते आहे. चामडी उलथन्याला चिकटून निघाली होती. माय नंतर मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आबांचा मार वेगळा होता, कारण तो चारचौघांत असायचा. पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेलो होतो. पुजाऱ्याने प्रसाद पुढे केला आणि माझा डावा हात पसरला गेला. आबांची थप्पड अशी बसली की माझं नाक दगडी खांबावर आपटलं. रक्त परकरावर गळत होतं आणि रांगेतली एक बाई शेजारणीला समजुतीने सांगत होती, "पोरीची जात हाये, आत्ताच वळण लावलेलं बरं." तिला माझ्या मारात काही गैर दिसलं नाही आणि मलाही त्या वयात दिसलं नाही. मला एवढंच वाटलं की माझ्या अंगाला एक वाईट प्राणी जोडलेला आहे आणि तो माझं ऐकत नाही.

शाळेत गुरुजींनी फूटपट्टीच्या धारेने बोटांची पेरं फोडली. मी उजव्या हाताने लिहायला शिकले आणि त्याच वर्षी अडखळत बोलायला लागले. 'पाणी' म्हणायचं असलं तर पहिलं अक्षर ओठांवर चार वेळा आपटायचं. त्यावरूनही मार खाल्ला.

दहा वर्षांची झाले त्या वर्षीचा पोळा. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे दगडासारखे होतात, ते त्या दिवशी गरम पाण्याने शेकायचे, लोणी आणि हळद चोळायची आणि उद्याच्या पुरणपोळीचं आवतण त्यांच्या कानात सांगायचं. माझा हा सगळ्यात आवडता सण होता. आबा त्या दिवशी कुणावर ओरडत नसत. बैलाच्या खांद्यावर त्यांची बोटं अशी फिरायची की मी बघत बसायची आणि मनात म्हणायची, देवा, मला बैल का नाही केलंस.

ओसरीवर पाहुणे बसले होते. भोकरदनकडचे लोक माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आले होते आणि गोष्ट जुळत आली होती. आबा खुशीत होते. मला म्हणाले, "ये, तू बी लाव." असं त्यांनी मला कधीच बोलावलं नव्हतं. मी पळत गेले, वाटीत हात घातला आणि आमच्या डाव्या अंगाच्या बैलाच्या खांद्याला लोणी लावलं. लोणी गार होतं आणि खांदा ऊन होता. मी इतकी हरखले होते की कुठला हात पुढे झाला ते मला कळलंच नाही.

ओसरीवरची एक म्हातारी म्हणाली, "ह्यी धाकटी डावरी हाये काय?"

अंगणात जू काढून ठेवलं होतं. बैलाची मान निसटू नये म्हणून जुवात शिवळ खोचतात, हातभर लांबीचा लाकडी दांडा. आबांनी ती उपसली, माझा डावा हात धरून जुवावर ठेवला आणि मारला. पहिल्या फटक्याला मी ओरडले. दुसऱ्याला काहीतरी वाळकं मोडल्याचा आवाज आला. तिसरा मोजता आला नाही.

मामा दावणीपाशी उभा होता. चाबकाचे वळ पाठीवर असलेला माणूस, दोन वर्षांत मालकापुढे मान वर न केलेला. तो मध्ये आला आणि म्हणाला, "मालक, ह्यी पोरगी डाव्या अंगाची हाये. तुमाला दिसून न्हाई राह्यलं का? बैलाची बाजू बदलत न्हाई तुम्ही, आन् लेकराची बदलून राह्यले?"

आबांनी हातातली शिवळ मामाच्या तोंडावर फेकली. भुवईच्या वर कातडी उघडली आणि त्याचा एक डोळा रक्ताने भरला. तो खाली बसला नाही. त्याने मला उचललं, मायच्या पुढ्यात ठेवलं आणि तसाच बाहेर पडला. साल अर्धं टाकून गेला, परत आला नाही. मला आयुष्यात भेटलेला तो एकमेव शहाणा माणूस, आणि त्याला मी साधं 'मामा, थांब' म्हणू शकले नाही, कारण 'म'वरच जीभ अडकली.

आबांनी हात धुतले आणि राहिलेला खांदा मळायला घेतला. मी मायच्या मांडीवरून बघत होते. त्यांची बोटं तशीच हळू फिरत होती.

हाड बसवणारा शेजारच्या गावचा होता. त्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिन्याने सोडल्या तेव्हा मनगट वाकडं होतं. डाव्या हाताचा प्रश्न मिटला होता. त्याने आता घास उचलवत नव्हता, प्रसाद घेता येत नव्हता, खांदाही मळता येत नव्हता. पाहुण्यांनी बहिणीला पसंत केलं. लग्नात आबा लोकांना सांगत होते की धाकटी आता बराबर वळणावर आली.

पुढे पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि एक नवल घडलं. मी इंग्रजीत अडखळत नव्हते. कारण मला तेव्हाही कळलं होतं, त्या भाषेत मला अजून कुणी मारलेलं नव्हतं. मी त्या भाषेत शिरले ती घरातून पळून गेल्यासारखी. गावात चेष्टा व्हायची, मी गोठ्यात शेणाचे पो उचलताना कविता म्हणायची आणि बैल मान वळवून बघायचे. जालन्याला कॉलेजात गेले तीही इंग्रजीच घेऊन.

तिथल्या ग्रंथालयात एक जाडजूड शब्दकोश होता, शब्दांचं मूळ सांगणारा. दुपारी एसटीला वेळ असला की मी तो उघडून बसायची. एके दिवशी मी 'लेफ्ट' काढला. मला काय हवं होतं कुणास ठाऊक. कदाचित त्या दूरच्या बेटावरच्या लोकांनी तरी माझ्या हाताला बरं काही म्हटलं असेल, असं वाटलं असावं.

तिथे लिहिलं होतं, जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दुबळा, निकामी. बाजूचा अर्थ नंतर आला, आधी हा होता. लगेच 'राइट' काढला. सरळ, नीट, न्यायाचा. पाठोपाठ 'नॉर्थ' काढला, तर काही पंडितांचं म्हणणं असं की त्याच्याही मुळाशी डावी बाजूच असावी, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलेल्या माणसाची. म्हणजे अख्खी उत्तर दिशा या हाताच्या पलीकडे पसरलेली, आणि हात मात्र निकामी!

मी तो कोश इतक्या जोरात मिटला की ग्रंथपाल खुर्चीतून उठले. माझ्या अंगाची लाही झाली होती. ज्या भाषेत जीव लपवायला आले, तिच्याही हातात शिवळ होती. मग एसटीत बसल्यावर मनगट चोळता चोळता माझ्या ध्यानात आलं की कोशातलं खोटं नाही, फक्त अर्धवट आहे. माझा हात दुबळा आहे हे खरंच होतं. पण तो दुबळा होता म्हणून त्याला तसं नाव पडलं नव्हतं. नाव आधी होतं, आणि हात त्या नावासारखा होईपर्यंत मारला होता. माझ्याआधी किती हजार वर्षं किती पोरांचे मारले असतील, हे कुठल्या कोशात लिहिणार?

नोकरी अंबडला लागली आणि नवराही तिथलाच, कोर्टात कारकून. माणूस गरीब स्वभावाचा. आमची मुलगी दीड वर्षाची असताना तिने बिस्किटासाठी डावा हात पुढे केला. मी ते बिस्किट हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. तिला रडू यायला लागलं तेव्हा दिलं.

त्या दिवशी मी ठरवलं की या हाताला कुणीही बोट लावायचं नाही. बालवाडीतल्या बाईंनी तिची पेन्सिल एकदा उजव्या हातात दिली, तर मी शाळेच्या फाटकात उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाले, "पुन्हा असं केलंत तर तुमची बोटं मोडीन." बाई रडल्या. मला वाईट वाटलं नाही. सासूने काही बोलायच्या आतच माझं तोंड बघून विषय बदलला. मुलीला मी सांगून ठेवलं होतं, "आईचा हा हात दुबळा आहे, चालत नाही. म्हणून तू तुझा जप." ती माझं मनगट फुंकर घालून बरं करायची. आणि आबांना निरोप धाडला की माझ्या लेकीवर हात उगारलात तर मी पुन्हा उंबरा चढणार नाही. सहा वर्षं तिला पोळ्याला गावी नेलं नाही.

मग आबांचाच निरोप आला. माय गेली होती, गावात ट्रॅक्टर आला होता आणि आमच्याकडे एकच जोडी उरली होती. पोळा झाला की तीही विकणार होते. शेवटची खांदेमळण आहे, लेकराला घेऊन ये.

गेले. आबा वाळून काटकी झाले होते. अंगण तेच होतं आणि जू तसंच काढून ठेवलेलं, शिवळ त्यात खोचलेली. थोरली बहीण आली होती, शेजारपाजारचे ओसरीवर टेकले होते. आबांनी लेकीला बोलावलं, "ये बाई, तू बी लाव."

मी शिवळेच्या आणि त्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिले. लेकीने फ्रॉक सावरला आणि बेधडक डावा हात वाटीत घातला. आबा तिच्या हाताकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी वाटी उचलली आणि तिला सोयीची पडावी म्हणून तिच्या डाव्या बाजूला ठेवली.

"डाव्या अंगाची हाये," ते हसून म्हणाले. "असू दे. जल्दी न्हाई, सावकाश लाव."

एवढंच. इतकं सोपं होतं ते.

"मंग मला का मारलं?" मी विचारलं. वीस वर्षांनी मी गावच्या बोलीत बोलले आणि एकदाही अडखळले नाही.

आबांनी बैलाच्या मानेवरचा हात काढला नाही. "तू बी व्हतीस. पाळण्यात तुजी मूठ बघूनच वळखलं व्हतं म्या."

"वळखलं व्हतं?"

"मला न्हाई कळणार तर कुणाला?" मग म्हणाले, "बैलाला सासरी जायचं नसतं, पोरी."

त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मी मनाची समजूत घालत होते की त्यांना कळलं नसेल, अडाणी माणूस, जनावरांपलीकडे त्यांना काय दिसणार. पण त्यांनी मला ओळखलं होतं आणि ओळखून मोडलं होतं. आणि आज ती वाटी त्यांनी हसत सरकवली, जणू काही झालंच नव्हतं. माझ्या कानांत रक्त चढलं. त्याच वेळी लेक आनंदाने किंचाळली, "आई, बघ ना!" आणि लोण्याने पिवळा झालेला डावा हात तिने माझ्यापुढे नाचवला.

मी तिच्या कानशिलात मारली.

ती जुवावर आदळून खाली बसली. ओठ फुटला होता. मारायचं होतं त्यांना, आणि मारलं तिला. कारण ती जवळ होती, लहान होती आणि सुखात होती. हे जसंच्या तसं लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण दुसरं कारण नाही. मला तिचा तो बिनमाराचा हात बघवला नाही.

ती रडली नाही. माझ्या चेहऱ्याकडे नाही, खाली लोंबणाऱ्या माझ्या हाताकडे बघत होती. मीही बघितलं. मारायला डावा हात उठला होता. मनगट धगधगत होतं आणि माझी पाचही बोटं तिच्या गालावर स्वच्छ उमटली होती.

"आई," ती म्हणाली, "तुझा तो हात चालतो?"

आबा "अगं, अगं" करत उठायला लागले, त्यांना उठता आलं नाही. लेकीने ओठावरचं रक्त बाहीला पुसलं. मग डाव्या हाताचं लोणी फ्रॉकला नीट पुसून काढलं, वाटी उचलून स्वतःच दुसऱ्या बाजूला ठेवली आणि उजव्या हाताने बैलाचा खांदा मळायला लागली. मी म्हणाले, "बाळा, डाव्याने लाव, डाव्याने." तिने मान हलवली आणि उजव्यानेच पुरा केला.

आता ती मोठी झाली आहे. माझ्याशी चांगलं बोलते, सणावाराला येते, मनगट दुखलं तर शेकून देते. तिच्या खोलीचं दार उघडं असलं की बाहेरून दिसतं, ती डाव्या हाताने भराभर लिहीत असते. मी आत पाऊल टाकलं की पेन उजव्या हातात जातं.